येस दाबा की ओ!

मा. संपादक, स.न.वि.वि.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशोब बघतो. सकाळी बिलिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की स्क्रीन काळवंडते आणि प्रश्न येतो, या ॲपला कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का? अहो रोज तेच ॲप, तीच खुर्ची, तोच मी, काल हो म्हणलो परवा हो म्हणलो मग आज काय नाही म्हणणार? २० तारखेला जीएसटीच्या गडबडीत तर बोट आपोआप येसवर जातं, काय लिहिलंय ते कोण वाचतंय. गड्ड्याच्या जत्रेत खिसेकापूंपासून सावध राहा म्हणून लाउडस्पीकर ओरडत असतो आणि आपण भजी खात ऐकत असतो, तसलंच हे.

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसातल्या पोरानं ट्रान्सपोर्टचं बिल समजून मेलमधली फाईल उघडली, पिवळ्या पट्टीत प्रकाशक अज्ञात असं आलं होतं, यानं दाबलं येस. मशीन फॉरमॅट झालं, बॅकअप निघाला दिवाळीचा. ‘मला वाटलं रोजचंच आहे’ म्हणाला, आता त्याला काय बोलणार.

ही खिडकी २००७ च्या विंडोज व्हिस्टापासूनची. स्क्रीन काळी करतात ती दुसऱ्या प्रोग्रामनं परस्पर येस दाबू नये म्हणून, हे मला पटतं. पण गंमत ऐका, २००८ ला मायक्रोसॉफ्टच्याच डेव्हिड क्रॉस यांनी एका परिषदेत सांगून टाकलं की हे लोकांना त्रास द्यायलाच ठेवलंय! म्हणजे आपण वैतागायचं, आणि त्यामुळं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी सुधारायचं. कारण रोजच्या कामाला ॲडमिनचे, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये बदल करायचे अधिकार लागायला नकोत, आमचं सॉफ्टवेअर मात्र डेटा प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये लिहितं, तिथं लिहायला हे अधिकार लागतात म्हणून दरवेळी मागतं.

मग वैतागून केला फोन त्या सॉफ्टवेअरवाल्याला. तो म्हणाला, ‘काय होत नाय ओ, येस दाबा की, नायतर ती खिडकी बंदच करून टाका, कटकट नको.’ इतक्या वर्षांच्या त्रासाचं हे फळ!

मी बंद केलं नाही. पोरांना ॲडमिन नसलेली साधी अकाउंटं काढून दिली, ॲडमिनचा पासवर्ड माझ्याकडं. आता सॉफ्टवेअर उघडायचं म्हणलं की ‘साहेब पासवर्ड’ अशी हाक येते आणि माझा चहा गार होतो. मार्चमध्ये त्याचं वर्षाचं रिन्यूअल आहे, ॲडमिनशिवाय चालेल असं लेखी दिल्याशिवाय चेक सोडणार नाही, आणि एमआयडीसीतल्या बाकीच्या हिशोबनीसांनीही तेवढं विचारावं म्हणून हे पत्र.

– एक वाचक, सोलापूर