बाबा, ती लाल वही जपून ठेवा

परभणी

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर नीट बोलणं झालं नाही. आई, तू 'जेवलास का' विचारत होतीस आणि माझ्या डोक्यात दुपारचं व्याख्यान घोळत होतं. बोलायला गेलो असतो तर घसा दाटला असता, म्हणून लिहितोय. बाबांना तूच वाचून दाखव, नवा चष्मा येईपर्यंत त्यांनी डोळे ताणू नयेत.

आमच्या अन्नतंत्र महाविद्यालयात उदगीरकडचे एक दालमिलवाले आले होते. वाटलं, यंत्रं आणि सबसिडी सांगतील. त्यांनी खिशातून मूठभर तूर काढून टेबलावर ठेवली. "एक क्विंटलातून डाळ किती?" आम्ही एका सुरात, "सत्तर ते पंचाहत्तर किलो." "बाकी?" "चुनी, भुसा, तूट." "आणि पैसे हातात कधी?" वर्ग गप्प.

मग त्यांनी उलगडून सांगितलं. नवी तूर डिसेंबर ते फेब्रुवारीत येते, आडतीवर रोख मोजावी लागते. तेल-पाणी लावून वाळवण, भरडाई, हमाली, वीजबिल, सगळं रोखीचं. डाळ मात्र उधारीवर जाते. वहीत नफा दिसतो आणि गल्ल्यात शंभराची नोट नसते. त्यांची पहिली गिरणी तोट्यानं नाही, उधारीनं बंद पडली म्हणे.

बाबा, मला आपली गिरणी दिसली. 2015 ला तूरडाळ 200 रुपये किलोवर गेली, तेव्हा तुम्ही चढ्या भावानं तूर भरली. पुढच्या वर्षी पाऊस झाला, पीक उदंड आलं. हमीभाव बोनस धरून 5,050 रुपये क्विंटल होता आणि बाजारात तेवढाही मिळेना. तुमचे पैसे गावोगावच्या दुकानांत अडकलेले. मी तेव्हा अकरावीत होतो. बाबांना धंदा जमला नाही, असं मी मनात धरून बसलो. माझ्या शिकवणीसाठी आईनं पाटल्या मोडल्या तेव्हा तर तुमचा रागच आला होता. बाबा, मला माफ करा.

शेवटी मी विचारलं, उधारी दिली नाही तर गिऱ्हाईक तुटतं, मग करायचं काय? ते म्हणाले, उधारी बंद करू नका, तिला तारीख घाला. लहान उद्योगाची सरकारी 'उद्यम' नोंदणी करून पक्कं बिल द्या. 2006 च्या कायद्यानं लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, पण हातचिठ्ठीवर भांडता येत नाही. दुसरं, सुरुवातीला तूर विकत घेऊच नका, शेतकऱ्याची तूर भरडून द्या आणि मजुरी घ्या. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान मिळतं. त्यातून यंत्र येईल, खेळतं भांडवल तुमचं तुम्हालाच उभं करावं लागेल. हे मी जसंच्या तसं उतरवून घेतलंय.

एका गोष्टीवर मात्र मन बसलं नाही. नात्यात उधारी देऊच नये, म्हणाले. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा मावशीच्या लेकीच्या लग्नाला तुम्ही दोन कट्टे डाळ दिलीत. पैसे आले नाहीत. तरी ते देणं मला चुकीचं वाटत नाही. फक्त ते उधारीच्या पानावर नको होतं, आहेर म्हणून लिहायला हवं होतं. मग दर दिवाळीला ते पान काढून तुमचा जीव कळवळला नसता.

आणि ती लाल वही. कुणी किती दिवसांनी पैसे दिले ते तुम्ही समासात पेन्सिलीनं लिहायचात. व्याख्यान ऐकताना कळलं, सचोटीचं गिऱ्हाईक कोण हे त्या समासात लिहिलेलं आहे. मला ती नावं हवीत. आई, घाबरू नकोस, शिक्षण पुरं केल्याशिवाय काही करणार नाही. आणि केलं तरी आधी भरडाईच.

येळवशीच्या अमावास्येला येतोय. रानात आंबील-भज्जी झाली की कडब्याच्या खोपीत बाबा आणि मी वही घेऊन बसू. तोवर ती माळ्यावरून काढून लोखंडी पेटीत ठेवा, तिकडं उंदीर फार झालेत.

तुमचा,
बाळू