कापडी दिसणारी प्रत्येक पिशवी कापडाची नसते

राज्यात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा आम्हा कापडी पिशव्या शिवणाऱ्या बायकांना मोठी आशा वाटली होती. मागणी वाढलीही. पण दुकानांत ‘कापडी’ म्हणून जी पातळ, रंगीत पिशवी हातात पडते, ती बहुतेकदा नॉन-वोव्हन असते, म्हणजे पॉलीप्रॉपिलीनचे तंतू उष्णतेने चिकटवून केलेले प्लास्टिकच. उन्हात राहिली की तिचा भुगा होतो. तिच्या भावात मांजरपाटाची पिशवी देणे आम्हाला शक्यच नाही. कापड, दोरा, कटिंग, बंदांना दुहेरी शिलाई आणि शिवणारीची मजुरी (ती कापून स्वस्ताई करावी, हे मला मुळीच मान्य नाही) धरली की दर वाढतोच. पण ही पिशवी पाच किलो ज्वारी सहज पेलते आणि धुऊन वर्षानुवर्षे वापरता येते. ग्राहकांनी घेताना पिशवी उजेडात धरून उभे-आडवे धागे दिसतात का, एवढे तरी पाहावे. आणि नगरपालिकांनी आठवडे बाजाराच्या तोंडाशीच बचत गटांना विक्रीसाठी कायमची जागा द्यावी; घरून पिशवी न आणलेल्याला ती तिथेच लागते.

– एक वाचक, इचलकरंजी