नव्या आयपी पत्त्यांत काटकसर कशासाठी?

महोदय,

इंटरनेटवर उपकरणाची ओळख पटवणारा क्रमांक म्हणजे आयपी पत्ता. जुन्या आयपीव्ही४ पद्धतीत असे पत्ते एकूण जेमतेम ४.३ अब्ज. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. त्यामुळे एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटावा लागतो, हे समजू शकते. पण नव्या आयपीव्ही६ पद्धतीत पत्ता १२८ बिटांचा (म्हणजे १२८ शून्य-एकांचा) असल्याने टंचाईच नाही, मग हात आखडता का?

माझ्या ब्रॉडबँड कंपनीने घराला पत्त्यांचा फक्त ‘/६४’ गट दिला आहे, म्हणजे पत्त्याचे पहिले ६४ बिट कंपनीनेच ठरवलेले. त्यातले पत्ते मोजता येणार नाहीत इतके, पण नेटवर्क बसते एकच. कारण उपकरणे आपला पत्ता आपणच तयार करतात तेव्हा उरलेले सगळे ६४ बिट त्यातच खर्ची पडतात. पाहुण्यांचे वायफाय, कॅमेरे आणि कामाचा संगणक वेगळे ठेवायचे कसे? (सुरक्षेसाठी ते वेगळे ठेवलेच पाहिजेत.) ‘/५६’ मिळाला तर २५६ नेटवर्क होतात, ‘/४८’ मध्ये ६५,५३६. युरोपातील इंटरनेट जाळी चालवणाऱ्यांच्या ‘राइप’ समुदायाने २०१७ मध्ये याच दोन आकारांची शिफारस केली आणि गट शक्यतो कायम ठेवावा, असेही सुचवले.

माझ्याकडे राउटर बंद-चालू केला की गट बदलतो. उपकरणे जुन्याच पत्त्याला चिकटून राहतात, पाने उघडत नाहीत आणि बिघाड आपण घरात शोधत बसतो. तक्रारीवर उत्तर आले, “इतके पत्ते कशाला हवेत?”

गट केवढा आणि तो कायम राहणार की बदलणार, हे कंपन्यांनी जोडणी देतानाच लेखी सांगावे.

– एक ब्रॉडबँड ग्राहक