खाण बंद करायच्या आधी आतून मोजा

संपादक साहेब, नमस्कार.

खाणीत पाणी घुसलं किंवा छत बसलं की बातम्या येतात, दोन दिवस चर्चा होते, पण आतल्या पोकळीचा खरा आकार कधी मोजला होता का हे कुणीच विचारत नाही. मी बरीच वर्षं खाणीत सर्व्हेयर होतो म्हणून पोटतिडकीने लिहितोय.

कागदावर बोगदा कसा सरळ चौकोनी असतो, पण सुरुंग उडवल्यावर खडक आपली रेघ बघून थोडीच फुटतो, जिथे भेग असेल तिथून सुटतो. ५ मीटर रुंद आणि ५ मीटर उंच बोगद्यात दोन्ही भिंती आणि छत नुसतं २० सेंटीमीटर जास्त तुटलं तरी दर मीटरमागे ३ घनमीटर खडक जादा निघतो, म्हणजे अंदाजे ८ टन, आणि छत रुंद झालं ते वेगळंच.

स्टोपमध्ये, म्हणजे खनिज काढून झालेल्या मोठ्या पोकळीत, तर पाऊलच टाकायचं नसतं कारण वर आधार नसतो. आधी आम्ही काठावर उभं राहून बॅटरीच्या उजेडात अंदाज बांधायचो. मग लांब दांड्याच्या टोकाला लावून आत सरकवायचं लेसरचं यंत्र आलं, ते गोल फिरत अंतरं मोजतं, आणि पहिल्यांदाच स्क्रीनवर आकार उमटला तेव्हा डाव्या भिंतीत एवढं मोठं पोट दिसलं की आम्ही सगळे गप्पच झालो, बॅटरीत ते कुणालाच दिसलं नव्हतं! आता ड्रोन आलेत, हातात धरून चालायचे स्कॅनर आलेत, खाली जीपीएस मिळत नाही तरी ते भिंतींवरून आपली जागा ओळखतात. पण दगडाआडचं लेसरलाही दिसत नाही आणि मलब्याखालचा तळ कळत नाही, म्हणून दोन-तीन जागांवरून मोजावं लागतं, घाईत नेमकं तेच राहतं.

जुलै २००२ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या क्वीक्रीक खाणीत शेजारची जुनी खाण नकाशात बरीच लांब होती, प्रत्यक्षात ती पार जवळ येऊन पाण्याने भरलेली होती. पाणी फुटलं, ९ जण अडकले, ७७ तासांनी सगळे जिवंत बाहेर आले, पण ते तास त्यांच्या घरच्यांनी कसे काढले असतील!

माझी मागणी एवढीच आहे की कुठलाही भाग बंद करताना शेवटचं स्कॅनिंग सक्तीचं करा, आणि कुठून मोजलं त्या नोंदींसकट मूळ डेटा सरकारी कचेरीत जमा करून घ्या, नुसती छापील प्रत नको. एकदा वाट कोसळली की आत जाऊन मोजायला कुणालाच जमणार नाही.

– एक निवृत्त खाण सर्व्हेयर