गाजरगवताची ॲलर्जी दोन दिवसांनी उठते, म्हणून ती लक्षातच येत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस सुरू झाला की दरवर्षी रोडच्या कडेला, पडीक रानात, शाळेच्या मैदानात गाजरगवत माजतं, आणि दरवर्षी रोजंदारीवरच्या बायका उघड्या हातांनी ते उपटताना दिसतात, म्हणून हे पत्र लिहितेय.

आमच्या आण्णांनी तीसेक वर्षं शेतात हे गवत उपटलं, काहीच झालं नाही. मग एका पावसाळ्यात पापण्या सुजल्या, मानेला, कोपराच्या आतल्या बाजूला खाज सुटली, कातडी जाड आणि काळपट होत गेली. कोणी म्हणालं उष्णता, कोणी म्हणालं रक्त खराब झालंय. मेडिकलमधून ट्यूब आणायची, लावली की बरं, बंद केली की दुप्पट, असं करता करता तीन वर्षं गेली. आण्णांचं एकच म्हणणं, अरे इतकी वर्षं उपटतोय, आत्ताच कसं काय होईल?

तर ते असंच होतं, हे स्किनच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं तेव्हा कळलं. या गवतात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. त्याचा कण इतका बारीक की एरवी शरीराच्या प्रतिकारशक्तीला तो दिसतही नाही, पण कातडीत शिरून तो आपल्याच प्रोटीनला चिकटतो आणि मग ते प्रोटीन शरीराला परकं वाटायला लागतं. कातडीतल्या पहारेकरी पेशी ही खबर जवळच्या लसिका गाठींपर्यंत नेतात, तिथे टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) ती ओळख लक्षात ठेवतात. ही ओळख पटायला कुणाला काही दिवस लागतात, कुणाला कित्येक वर्षं, पण एकदा पटली की सहसा जन्मभर पुसत नाही. पुढे जरा संपर्क आला की टी पेशी तिथे जमून सूज आणतात, पण त्यांना जमायला एक-दोन दिवस लागतात! सोमवारी गवत उपटलं आणि बुधवारी तोंड सुजलं तर कोण कशाला गवताला दोष देईल?

शेंगदाण्याने किंवा गांधीलमाशी चावल्याने काही जणांना मिनिटांत गांधी उठतात, श्वास लागतो, ती ॲलर्जी वेगळी. तिच्यात आयजीई नावाची अँटीबॉडी आणि खाज-सूज आणणाऱ्या हिस्टामिन या द्रव्याचा खेळ असतो (तिथे श्वास लागला तर वाट न बघता दवाखाना गाठायचा). गाजरगवताच्या परागकणांनी शिंका आणि दमा होतो तोही याच जातीचा. कातडीवरचं प्रकरण मात्र टी पेशींचं, म्हणून हिस्टामिनला रोखणारी खाजेची गोळी घेऊन झोप येते पण चट्टा काही जात नाही. कातडीला नेमकी कशाची ॲलर्जी आहे हे बघायला आण्णांच्या पाठीवर पॅच टेस्टच्या पट्ट्या लावल्या, दोन दिवसांनी काढल्या, आणि गाजरगवताच्या जागी लाल, फोडाळलेला ठिपका. तीन वर्षांचं कोडं त्या ठिपक्याने सुटलं.

हे गवत आपल्याकडे पहिल्यांदा पुण्यात नोंदवलं गेलं, १९५० च्या दशकात. १९८४ पासून ते खाणारे मेक्सिकन भुंगेही सोडले गेले, पावसाळ्यात ते पानं फस्तही करतात, पण सगळीकडे पुरे पडत नाहीत. म्हणजे उपटायला माणसंच लागणार. मग ग्रामपंचायती आणि नगरपालिकांनी त्यांना हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि तोंडाला बांधायला कापड द्यायला काय हरकत आहे? खर्च तो कितीसा? आणि उपटायचं ते फुलं यायच्या आत, कारण एकेका झाडाला हजारो बिया येतात. वाळलेल्या झाडाचा चुरा उडतो, त्यानेही ॲलर्जी उठते, त्यामुळे उपटून ढीग रस्त्याकडेला टाकून जाणं बंद व्हायला हवं.

आमच्या गावच्या शाळेच्या कुंपणालगत आत्ता गुडघाभर आलंय, फुलं अजून लागायची आहेत.

आपली,
एक शेतकरी वाचक