शिफ्टर कार्ट : कौतुक इंजिनापाशीच थांबू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पडून असलेल्या मोटोक्रॉस (म्हणजे खडबडीत मैदानी शर्यतीच्या) मोटरसायकलच्या इंजिनावर शिफ्टर कार्ट, म्हणजे शर्यतीची छोटी, उघडी, गिअर असलेली गाडी, उभी करणाऱ्या येथील महाविद्यालयीन तरुणांविषयी आपल्या दैनिकाने सचित्र वृत्त दिले, याबद्दल आभार. इंदूरच्या मराठी घरांत इंजिनिअरिंगची पदवी घेणाऱ्यांची वाण नाही. स्वतःच्या हाताने वेल्डिंग करणारे मात्र शोधावे लागतात, त्यामुळे ही मुले कौतुकास निश्चितच पात्र आहेत. परंतु त्या वृत्तात इंजिनाची ताकद आणि गाडीचा अपेक्षित वेग यांपलीकडे फारसे काही नव्हते. पिथमपूरच्या वाहन उद्योगात उमेदीची वर्षे घालवलेल्या मला हे खटकले, कारण अशा गाडीत इंजिन हाच सर्वांत कमी कटकटीचा भाग असतो.

दुसऱ्या यंत्राचे इंजिन कार्टला बसवणे यात नवल नाही. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी पहिली कार्ट केली तीच मुळी गवत कापण्याच्या यंत्राच्या इंजिनावर. शिफ्टर कार्टही प्रामुख्याने १२५ सीसीच्या टू-स्ट्रोक मोटोक्रॉस इंजिनांवरच वाढली. होंडाचे सीआर १२५ हे इंजिन तर अमेरिकेत अनेक वर्षे या गाड्यांचा प्राण होते. आपल्याकडे ज्यांनी यामाहाच्या आरएक्स १०० मोटरसायकलची अकरा अश्वशक्ती अनुभवली आहे, त्यांनी त्याच्या तिपटीहून अधिक ताकद जमिनीपासून जेमतेम इंच-दीड इंच वर असलेल्या, स्प्रिंग नसलेल्या सांगाड्यात बसवल्याची कल्पना करावी. काही उत्साही मंडळी १२५ ऐवजी ४५० सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन बसवण्याच्या गोष्टी करतात; त्यांना मी केवळ हात जोडतो.

खरी अडचण अशी की, हे इंजिन कलणाऱ्या वाहनासाठी घडवलेले असते. मोटरसायकल वळणावर कलते, त्यामुळे कार्बोरेटरमधल्या (इंजिनासाठी हवा व पेट्रोल मिसळणाऱ्या भागातल्या) पेट्रोलवरचा जोर कायम तळाकडेच राहतो. कार्ट सपाटच वळते. साहजिकच कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्यातले (फ्लोट चेंबरमधले) पेट्रोल एका बाजूच्या भिंतीवर चढते, ते खेचून घेणारे बारीक छिद्र, म्हणजे जेट, उघडे पडते आणि नेमके वळणातून बाहेर पडताना, जिथे ताकद हवी तिथेच, इंजिन अडखळते. दुसरे असे की, मोटरसायकलची टाकी कार्बोरेटरच्या वर असल्याने पेट्रोल आपल्या वजनानेच खाली उतरते, तर कार्टची टाकी चालवणाऱ्याच्या पायांमध्ये, जमिनीलगत असते. तेथून पेट्रोल वर चढवायला क्रँककेसमधल्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कप्प्यातल्या, दाबाच्या चढउतारावर चालणारा छोटा पंप लावावाच लागतो. वृत्तासोबतच्या छायाचित्रात टाकी सीटमागे उंचावर बांधलेली दिसली. पंपाचा खर्च त्यामुळे वाचला असेल, पण गाडी उलटली तर ते पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरवरच सांडेल, हे कोणीतरी त्या मुलांना सांगायला हवे.

इंजिन टिकण्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब जेटची आहे. मोटोक्रॉसमध्ये उड्या, चढ आणि चिखल यांमुळे थ्रॉटल सतत उघडतो व मिटतो. कार्ट मात्र सरळ रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलवर बराच वेळ धावते. मोटरसायकलसाठी योग्य असलेला मेन जेट येथे अपुरा पडतो, मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते, पिस्टन तापतो आणि सीज होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलमधूनच येत असल्याने वेगात असताना थ्रॉटल एकदम मिटला, तर त्या क्षणी वंगणही तुटते. म्हणून जाणकार आधी मोठा जेट घालतात आणि स्पार्क प्लगचा रंग पाहून एकेक पायरी खाली येतात. त्यात आता पंपावर मिळणारे पेट्रोल ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले, आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने तेच मिश्रण आणखी पातळ होते. परदेशी माहितीपुस्तिकेतला जेटचा क्रमांक जसाच्या तसा उचलणे त्यामुळे धोक्याचे आहे. मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या आपल्या माळव्यात मोटरसायकलच्या दोन चिमुकल्या रेडिएटरांवर भिस्त न ठेवता सीटशेजारी एकच मोठा रेडिएटर बसवावा, हेही ओघानेच आले. गिअरिंगचे गणित तुलनेने सोपे आहे : चाक पंचवीस इंचांवरून अकरा इंचांवर आले की मागचे पन्नास दात्यांचे स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चक्र) निम्म्यावर आणावे लागते.

सांगाड्याबाबत एक मोठा गैरसमज आढळतो. कार्टच्या मागच्या आसाला डिफरेन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा, नसते; दोन्ही चाके एकाच दांड्यावर फिरतात. त्यामुळे वळताना आतले मागचे चाक क्षणभर उचलले गेले नाही तर गाडी वळतच नाही, सरळ पुढे घसरते. ते उचलले जाण्यासाठी स्टिअरिंगच्या रचनेइतकेच सांगाड्याचे मोजके लवणेही आवश्यक असते. लोहामंडीतून जाड पाइप आणून चौफेर आडवे-तिडवे आधार जोडणारा कारागीर मजबुतीच्या भरात हा गुणच मारून टाकतो. उलट फर्निचरचा पातळ पाइप वापरला, तर इंजिनाच्या हादऱ्यांनी जोडांना तडे जातात.

ब्रेकविषयी मात्र कोणतीही सवलत नाही. साध्या, बिनगिअरच्या कार्टला मागच्या आसावरचा एक डिस्क पुरतो. शिफ्टर कार्टला पुढच्या दोन्ही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक हवेत आणि पुढची व मागची यंत्रणा परस्परांपासून स्वतंत्र हवी. चेन आणि आस पूर्ण झाकलेले असावेत. २०१८ मध्ये पिंजोरला आणि २०२० मध्ये हैदराबादला करमणुकीच्या साध्या कार्टमध्ये केस अडकून दोन तरुणींचे प्राण गेले, हे विसरता येणार नाही.

आता जागेचा प्रश्न. अशा वाहनाची नोंदणी होऊ शकत नाही आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९ आहेच. वसाहतीतला रिकामा रस्ता पहाटे कितीही मोकळा दिसला तरी तो सार्वजनिकच. कोल्हापूरकरांना मोहित्यांच्या ट्रॅकचा आधार आहे. आपल्या मुलांनी गाडी न्यायची कोठे, याचे उत्तर कोणी देत नाही, आणि मग ती नको तिथे जाते.

वास्तविक उत्तर शहरापासून फार दूर नाही. पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राची ११.३ किलोमीटरची वेगवान धावपट्टी २०२१ मध्ये खुली झाली, आणि त्याआधीपासूनच देशभरातील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या बाहा (स्वतः बनवलेल्या खडबडीत रस्त्यांच्या गाड्यांच्या) स्पर्धा त्या परिसरात भरत आल्या आहेत. ती धावपट्टी कार्टसाठी नव्हे, हे उघड आहे. परंतु तेथे वाहनांची हाताळणी तपासण्यासाठी सपाट पटांगण आहे. तीन महिन्यांतून एखादी सकाळ त्याचा काही भाग स्थानिक महाविद्यालयांना शुल्क आकारून द्यावा, गाडी आत सोडण्यापूर्वी ब्रेक, जोड, चेनचे आवरण, पेट्रोलची नळी आणि इंजिन बंद करण्याचे बटण तेथील अभियंत्यांनी तपासावे, आणि नापास झालेली गाडी कारणासह लेखी परत पाठवावी. अशा एका लेखी शेऱ्यातून मुले जितके शिकतील, तितके वर्गात बसून शिकणार नाहीत. आपल्या दैनिकाने हा प्रस्ताव संबंधितांपर्यंत पोहोचवावा आणि त्यांचे उत्तर छापावे, ही विनंती. तपासणीसाठी विनामोबदला हात लागत असतील, तर माझ्यासारखे काही निवृत्त लोक या शहरात आहेत.

आपला,
एक निवृत्त यंत्र अभियंता,
इंदूर