चवथीचे गवत आणि उन्हाळ्यातला पाला

मा. संपादक,

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की परसू, आवारे आणि पायवाटा मोकळ्या करण्यासाठी गावोगावी ब्रश कटर (गवत कापायची यंत्रे) फिरू लागतात. कापलेले गवत पोत्यांत कोंबून कुंपणाबाहेर जाते. गटारात पडले तर पाणी तुंबते, पोत्यात राहिले तर दुसऱ्याच दिवशी तापून वास मारते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बागेतला कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवायला सांगितले होते. तो रस्त्यावर किंवा सार्वजनिक मोकळ्या जागेत टाकायला आणि जाळायलाही मनाई केली होती. पण आवारात ठेवून त्याचे करायचे काय, हे घरोघरी पोहोचलेले नाही.

‘गवताचे खत होत नाही, नुसता चिखल होतो’ ही तक्रार खोटी नाही. कोवळ्या ताज्या गवतात ७० ते ८० टक्के पाणी असते आणि नत्राच्या (नायट्रोजनच्या) १५ ते २० पट कर्ब (कार्बन). खत करणाऱ्या जिवाणूंना हे प्रमाण २५ ते ३० पट लागते. नुसत्या गवताचा ढीग घातला की जादा नत्र अमोनिया होऊन उडते, आणि ओली पाती एकमेकांना चिकटून आत हवा जाणे बंद होते. उपाय एकच, कोरडा पाला. आणि आपल्याकडे घोडे अडते ते नेमके इथे: गवत जून ते ऑक्टोबरमध्ये, तर आंबा, काजू, फणसाचा पाला पडतो मुख्यतः जानेवारी ते एप्रिलमध्ये. तो आपण संध्याकाळी झाडून काडी लावतो, आणि भाद्रपदात मूठभर कोरडा पाला हाताशी नसतो.

म्हणून खताची तयारी शिमग्याच्या सुमारास व्हायला हवी. पाला कोरडा असतानाच पायाने किंवा काठीने चुरून पोत्यांत भरावा. आंबा-काजूची पाने चिवट आणि मेणचट असतात, अख्खी ठेवली तर कुजायला वर्ष घेतात. पोती चिऱ्यांवर, पावसापासून आडोशाला, पण घराच्या भिंतीपासून दूर ठेवावीत, कारण त्यांत विंचू आणि साप आसरा घेतात. पाला नसेलच तर भाताचा पेंढा चालतो, फाडलेला पुठ्ठा चालतो आणि वर्तमानपत्राचा कागदही चालतो (हे पत्र वाचून झाल्यावर, गुळगुळीत, चकचकीत पुरवण्या मात्र नकोत). लाकडाचा भुसा जपून वापरावा. त्यात कर्ब इतका जास्त असतो की ढीग थंडच पडून राहतो.

कोंबड्यांच्या जाळीचा १२ फूट लांब आणि ४ फूट रुंद तुकडा गोल वळवून टोके तारेने बांधली की पावणेचार फूट व्यासाचा पिंजरा होतो. तळाला नारळाची सोडणे (वरची जाड साले) उपडी घालावीत. खालून हवा मिळते आणि पाण्याचा निचराही होतो. मग एक घमेले ताजे गवत आणि दोन घमेली चुरलेला पाला (अख्खा असेल तर तीन) एकत्र कालवून टाकत जावे. नुसते थरावर थर देऊ नयेत, गवताचा थर दाबला जाऊन त्याची पोळी होते. अधूनमधून थोडे जुने खत किंवा शेणाचे पाणी शिंपडावे. ढीग किमान ३ फूट उंच हवा, त्याहून लहान ढिगात उष्णता टिकत नाही. वर झापे (माडाची विणलेली झावळी) किंवा पत्रा घालावाच, नाहीतर आपल्याकडचा पाऊस ढिगातले नत्र आणि पालाश (पोटॅश) धुऊन नेतो.

प्रमाण जमले असेल तर दोन-तीन दिवसांत मध्यभाग ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो. आठवड्याने ढीग उपसून कडेचे आत, आतले कडेला करावे, नंतर पंधरवड्याने पुन्हा. मूठभर काढून घट्ट पिळावे: एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर, धार लागली तर पाला वाढवा, काहीच आले नाही तर पाणी शिंपडा. झोंबणारा वास आला तर नत्र जास्त झाले आहे, त्यालाही पालाच हवा. कुजक्या अंड्याचा वास आला तर हवा अडली आहे, ढीग लगेच उपसून मोकळा करावा. वास घालवण्यासाठी चुना किंवा राख घालायची सवय सोडावी. त्याने अमोनिया आणखी वेगाने सुटतो आणि ज्या नत्रासाठी खटाटोप केला तेच उडून जाते. चुना जांभ्या मातीला हवाच असतो, पण तो वाफ्यात, खत घालण्याच्या काही आठवडे आधी.

असे खत दोन-तीन महिन्यांत तयार होते, म्हणजे चवथीचे गवत थंडीतल्या तांबडी भाजी (लाल माठ), मुळा, मिरचीच्या वाफ्यांना कामी येते. चौरस मीटरला दोन-तीन किलो पुरे.

ढिगाची खटपट नको असेल तर आच्छादन करावे. ताजे गवत एकावेळी इंचभरच पसरावे, वाळले की पुन्हा इंचभर, असे तीन इंचांपर्यंत. एकदम जाड थर घातला तर तो तापून रोपे पोळतात, आणि वाळल्यावर त्याचे कवच होऊन पाणी वरून वाहून जाते. बुंध्यापासून चार बोटे जागा सोडावी. पावसात आच्छादनाखाली गोगलगायी वाढतात, म्हणून जाड आच्छादन पाऊस ओसरल्यावरच. मार्चनंतर वाळवी येते, तेव्हा माडाच्या आळ्यातले गवत खोडाला टेकू देऊ नये.

हिरवळ राखणाऱ्यांनी गवत उचलूच नये. पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त एकावेळी कापले नाही तर बारीक तुकडे तिथेच जिरतात आणि खताचा खर्चही थोडा वाचतो.

काही गवत मात्र घ्यायचे नाही. हरळीच्या कांड्या आणि लव्हाळ्याच्या गाठी ढिगाच्या कडेला जिवंत राहतात; त्या आधी कातळावर किंवा पत्र्यावर कडक उन्हात वाळवाव्यात. बी धरलेले गवत आच्छादनाला वापरले तर पुढच्या पावसात तण आपणच पेरल्यासारखे होते. कापणी फुलोऱ्याआधी करावी. तणनाशक मारलेल्या जागेचे गवत भाजीला नको. शंका असल्यास तयार खत निम्म्या मातीत मिसळून कुंडीत अळसांद्याचे (चवळीचे) चार दाणे पेरावेत, दुसऱ्या कुंडीत नुसत्या मातीत चार. पहिल्या कुंडीतली पाने वळली, आखडली तर ते खत वाफ्यात घालू नये. रस्त्याकडेच्या गवतात काचा, तेल आणि गुटख्याच्या पुड्या असतात, तेही टाळावे. गुरांना घालायचे तर त्याच दिवशी, पसरून. पोत्यात तापलेले किंवा बुरसटलेले गवत गुरांना बाधते.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट ब्रश कटरची नायलॉन दोरी. ती झिजते म्हणजे तिचे तुकडे गवतात मिसळतात आणि तिथून वाफ्यात जातात. पंचायती आणि गृहसंकुलांनी कापणीचे काम देताना मोकळ्या जागेत धातूचे पाते, चिऱ्यांच्या कुंपणालगत कोयता किंवा विळा आणि कापण्याआधी प्लास्टिक वेचणे या तीन अटी लेखी घालाव्यात, आणि आवाराचा एक सावलीचा कोपरा जाळीच्या पिंजऱ्यांसाठी राखून ठेवावा.

— काही बागायतदार, फोंडा